बंदीच्या एकसष्ट दिवसांत लिहिलेली पटकथा

कुडाळच्या पटकथेच्या कार्यशाळेत दुसऱ्या दिवशी सरांनी माझं पान हातात घेतलं आणि तिसऱ्या ओळीवर थांबले. ओळ अशी होती : ‘शेवंतीला वाटलं, नवरा गेल्यापासून समुद्र आपल्याला ओळखेनासा झालाय.’

“ही ओळ कॅमेरामननं कशी टिपायची?” सरांनी विचारलं.

“तिच्या चेहऱ्यावर दिसेल,” मी म्हटलं.

“चेहऱ्यावर दुःख दिसेल, राग दिसेल, थकवा दिसेल. समुद्र ओळखत नाही, हे कसं दिसेल?” त्यांनी ओळ खोडली नाही, खाली पेन्सिलीची हलकी रेघ मारली. “ओळ चांगली आहे, कथेत ठेवा. मला इथे एवढंच सांगा, शेवंती त्या वेळी काय करत असते?”

मला सांगता येईना. पंधरा वर्षं मी दिवाळी अंकांसाठी कथा लिहीत आलोय. शेवंतीची कथाही छापून आलेली. तिच्या मनातलं मला पानंच्या पानं ठाऊक होतं. पण त्या सकाळी ती उभी होती की बसलेली, तिचे हात कुठे होते, समोर काय पडलं होतं, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

मी मालवण तालुक्यातल्या एका बंदरावर मच्छिमार सोसायटीत कारकून आहे. डिझेलचा कोटा, परताव्याची प्रकरणं, बर्फाचा हिशोब, हे माझं रोजचं काम. मे संपत आला की बंदरावर धांदल उडते, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. समुद्र खवळलेला असतो आणि बऱ्याच माशांचा तो विणीचा काळ, म्हणून हे एकसष्ट दिवस. होड्या वर ओढून घेतात, झापांनी शाकारतात, खलाशी आपापल्या गावी जातात, आणि आमच्या ऑफिसात दुपारी पागोळ्यांचाच काय तो आवाज उरतो. याच दिवसांत पटकथेचा पहिला खर्डा संपवायचा, असं मी कार्यशाळेतून परतताना एसटीतच ठरवलं.

शेवंतीची गोष्ट रापणीची आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धवर्तुळ घेते, जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि माणसं दोन रांगांनी ते ओढत ओढत एकमेकांकडे सरकतात. मासळी वाळूवर आली की वाटे पडतात. माझ्या गोष्टीत एका रापणकराचा मृत्यू होतो आणि त्याची बायको रापणकरांच्या संघापुढे जाऊन म्हणते, “घोवाचो वाटो माका होयो.” तिला मासळी द्यायला सगळे तयार असतात. वाटा द्यायला कोणी तयार नसतं. मासळी ही दया झाली आणि वाटा हा हक्क, एवढा फरक तिला कळतो आणि तिथून गोष्ट चालू होते. कथा छापून आल्यावर पत्रं आली, फोन आले. पण वाळूत रुतणाऱ्या टाचा, दोर भिजल्यावर बदलत जाणारा त्याचा आवाज, हे माझ्या शब्दांत उतरलं नव्हतं. ते दिसायला हवं, ऐकू यायला हवं, असं वाटत राहिलं. सिनेमाकडे वळलो ते त्यासाठी.

किनाऱ्यावरच्या गावात राहून सिनेमा कसा लिहायचा, असं मला बरेच जण विचारायचे. वि. स. खांडेकर आमच्याच किनाऱ्यावर, शिरोड्याला, १९२० ते १९३८ शिक्षक होते, आणि १९३६ साली दिग्दर्शक मास्टर विनायकांसाठी त्यांनी चित्रपटकथा लिहिली ती तिथे नोकरी करत असतानाच. तेव्हा शिरोड्याला जायचं तर आजच्यासारखे रस्ते नव्हते, फोन नव्हते. ही एक गोष्ट मी मनाशी धरून ठेवली होती.

कार्यशाळा चार दिवसांची होती. शिकवणारे सर आधी सहायक दिग्दर्शक आणि मग पटकथालेखक म्हणून बरीच वर्षं काम केलेले. त्यांनी पहिला अख्खा दिवस फक्त पानावर काय लिहायचं आणि काय नाही यावर घालवला. मला ते आधी अती वाटलं, आता वाटत नाही.

पटकथा वर्तमानकाळात लिहायची. ‘ती गेली’ नाही, ‘ती जाते’. दिसतं तेवढंच आणि ऐकू येतं तेवढंच लिहायचं. प्रत्येक सीनच्या डोक्यावर तीन गोष्टी : घराच्या आत की बाहेर, जागा कुठली, वेळ कुठली. खाली कृती. मग पात्राचं नाव आणि त्याखाली त्याचा संवाद. पुष्कळ जण डोक्यावर इंटिरिअर-एक्स्टिरिअर, डे-नाईट असंच लिहितात. मी ‘आत’, ‘बाहेर’ लिहिलं, सरांनी हरकत घेतली नाही. कॅमेरा कुठून कुठे जाईल हे लिहायचं नाही, ते दिग्दर्शकाचं काम. पण एका ओळीत एकच गोष्ट लिहिली तर वाचणाऱ्याला आपोआप एक एक चित्र दिसत जातं, ही लेखकाच्या हातातली गोष्ट.

दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती मला कोणत्याही पुस्तकात सापडली नसती. त्यांनी माझंच पान घेतलं आणि ते वेगवेगळ्या माणसांच्या नजरेतून वाचलं. वेशभूषा बघणारा यात काय शोधणार? शेवंतीची साडी. कलादिग्दर्शक? ओटा, खुंटी, कंदील. ध्वनी बघणारा? पावसाचा आवाज आत कसा येतो, कौलावर की पत्र्यावर. निर्मिती सांभाळणारा सगळ्यात आधी डोक्यावरची ओळ बघणार, कारण एका जागेचे सगळे सीन एकदमच चित्रित होतात, गोष्टीच्या क्रमानं नाही. मग सरांनी मोजलं. माझ्या सुरुवातीच्या टिपणांत अकरा सीनच्या डोक्यावर ‘पहाट’ लिहिलेलं.

“पहाटेचा खरा उजेड किती वेळ टिकतो?” त्यांनी विचारलं.

“पंधरा-वीस मिनिटं.”

“म्हणजे तुम्ही निर्मात्याकडे अकरा दिवस मागितलेत. तुम्हाला ठाऊक होतं?”

मला ठाऊक नव्हतं. कथेत पहाट फुकट असते. अकरांतल्या चार ठेवल्या, ज्यांच्याशिवाय चालणार नव्हतं त्या. बाकीच्या सात जागी काय होतं हे बघताना कळलं, की मला तिथे उदास वाटायला हवं होतं म्हणून मी पहाट आणली होती. प्रसंगात उदासी नव्हती.

पण ‘शेवंती काय करते’ हा प्रश्न तसाच होता. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी चार दिवस रजा टाकली आणि तळाशिलला जाऊन बसलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे माडांची आणि घरांची चिंचोळी पट्टी. तिथल्या वाळूत रापण ओढताना मी लहानपणापासून बघत आलोय, पण तेव्हा मासळी बघायचो. आता माणसं बघितली. वहीत भावना लिहायची नाही, एवढाच नियम केला. दोर खांद्यावरून कसा जातो. पाय कसा मागे टाकतात. कंटाळलेला माणूस दोर सोडत नाही, नुसता ताण सोडतो, आणि त्याच्या पुढच्याला ते लगेच कळतं. एक म्हातारी टोपली उपडी घालून त्यावर बसलेली आणि दोन्ही रांगा जवळ आल्या की न सांगता उठायची. तिसऱ्या दिवशी मला एक बाई दिसली. नऊवारी नव्हे, साधी गोल साडी, आणि त्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. उन्हात राबणाऱ्या बायका साडीवर असा शर्ट घालतात, मी हजारदा बघितलंय. तिनं ओझं उचलायच्या आधी बाह्या दोन घड्या वर दुमडल्या. शर्ट तिला मोठा होता. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती.

शेवंती काय करते हे मला तिथे मिळालं. नवऱ्याचा शर्ट.

नवव्या सीनमध्ये शर्ट खुंटीवर आहे. शेजारीण येते, बोलता बोलता तो काढून घडी घालायला लागते, शेवंती तिच्या हातातून घेऊन परत खुंटीला लावते. खिशात चुन्याची डबी वाजते. सोळाव्या सीनमध्ये ती तो धुते आणि धुवायच्या आधी डबी काढून फळीवर ठेवते. आणि मध्यंतराच्या आधी, संघानं नाही म्हटल्यावर दुसऱ्या सकाळी, ती तो शर्ट साडीवर घालते, बाह्या दुमडते आणि रापणीच्या रांगेत नवऱ्याच्या जागी जाऊन दोर धरते. संवाद नाही. कार्यशाळेत वाचलेल्या त्या पानावरच्या ‘समुद्र ओळखेनासा झालाय’ या ओळीत जे होतं, ते आता इथे होतं.

सरांना फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आता मधला भाग बांधा. तिथेच सगळे बुडतात.”

मधला भाग म्हणजे काय, तर कार्यशाळेत तीन अंकांचा आराखडा शिकवला होता. अमेरिकी लेखन-शिक्षक सिड फील्ड यांनी १९७९ मध्ये तो पानांच्या हिशोबात मांडला : १२० पानांच्या पटकथेत पहिली ३० पानं मांडणी, मधली ६० पानं संघर्ष, शेवटची ३० उकल, आणि दोन्ही सांध्यांवर गोष्टीला वळण देणारा प्रसंग. पहिल्या तीस पानांत कोण माणूस, त्याला काय हवंय, कोण आडवं येतंय हे समजायला हवं. हे मला पटलं आणि उपयोगीही पडलं. पण मधल्या साठ पानांत ‘संघर्ष’ एवढंच म्हटलं की हाती काही लागत नाही. शेवंती मागते, संघ नाही म्हणतो, ती पुन्हा मागते, तो पुन्हा नाही म्हणतो. माझे वीस सीन असेच झाले होते.

बी.ए.ला मला संस्कृत दुय्यम विषय होता. नाट्यशास्त्रातल्या पाच संधी तेव्हा परीक्षेपुरत्या पाठ केलेल्या : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. जूनच्या पहिल्या आठवड्यात, बाहेर धो धो पाऊस आणि ऑफिसात वीज नाही, अशा दुपारी त्या आठवल्या. मुखसंधीत बीज पडतं. प्रतिमुखात ते कधी दिसतं, कधी दिसेनासं होतं. गर्भात हवं ते मिळाल्यासारखं होतं, हातून जातं, पुन्हा शोध सुरू होतो. विमर्शात मोठं विघ्न येऊन सगळंच थांबतं. निर्वहणात पसरलेले धागे एकत्र येतात. तीन अंकांत जो एकच मधला अंक आहे, त्याच्या पोटात इथे तीन वेगवेगळी कामं आहेत. ‘मिळतं आणि हातून जातं’ हे मी लिहिलंच नव्हतं. माझ्या शेवंतीला कधी काही मिळतच नव्हतं, म्हणून ती एका जागी उभी राहून मागत होती.

मग गर्भसंधीसाठी नवा प्रसंग सुचला. शेवंती दोर धरते त्याच दिवशी जाळ्यात भरभरून बांगडा येतो. संघातले लोक तिला पायगुणाची म्हणायला लागतात आणि वाटा देतात. पण तो पायगुणाचा वाटा असतो. पुढे चार दिवस जाळं रिकामं आलं की तोच पायगुण उलटतो. तिला हक्क हवा होता, तिला शकुन करून टाकलं. हे सुचलं त्या दिवशी मी ऑफिस बंद करून घरी जाताना छत्री उघडायची विसरलो.

सीन मांडायला मी लग्नपत्रिका वापरल्या. पत्रिकेची मागची बाजू कोरी असते, कागद जाड असतो, आणि आमच्या घरी दर मे महिन्यात लग्नांच्या पन्नास-साठ पत्रिका सहज साठतात. एका पत्रिकेवर एक सीन : कुठे, कोण, काय बदलतं. जाळं विणायची सुतळी पडवीत आडवी बांधली आणि चिमट्यांनी पत्रिका लावल्या. चौऱ्याण्णव झाल्या. सीनच्या आधी आणि नंतर कोणाचं तरी काहीतरी बदललेलं असायला हवं, नाहीतर तो सीन काढायचा, असं सरांनी सांगितलेलं. त्या कसोटीनं एकवीस पत्रिका उतरवल्या. आणखी आठ पावसानं नेल्या. एका रात्री पडवीचं कौल सरकलं आणि सकाळी त्या आठांवर निळी शाई पसरलेली. मी आठवून पुन्हा लिहायला बसलो तर सहा सीन जसेच्या तसे आठवले. दोन काही केल्या आठवेनात. ते दोन पटकथेत नाहीत आणि त्यांची उणीव आजवर कोणाला भासलेली नाही.

पलीकडच्या वाडीत एक आबा आहेत. चाळीस वर्षं दशावतारात स्त्रीपार्ट केले. त्यांना मी पत्रिका दाखवायला पडवीत आणलं. दशावतार बघणाऱ्याला ठाऊक असतं, तिथे लिहिलेले संवाद नसतात. जत्रेत कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, आणि नट मध्यरात्री रंगमंचावर उभं राहून आपापलं बोलणं जागच्या जागी रचतात. सामान म्हणजे एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तोच पर्वत. ज्या कलेत लिखाणच नाही तिथल्या माणसाला पटकथेचं काय कळणार, असं मला वाटलं नाही. उलट वाटलं, संवाद काढून घेतल्यावर जे उरतं ते याच माणसाला कळेल.

आबांनी सुतळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत सगळं ऐकलं. मग म्हणाले, “आख्यान आधी बांधूक होया. बोलणां आपसूक येता. तुजा बोलणां आधी इला हा.”

म्हणजे बोलणं आधी आलंय. खरंच तसं होतं. मला संवाद सुचले होते आणि ते म्हणता यावेत म्हणून मी माणसं एकत्र आणत होतो. त्या दिवसापासून मी सगळे सीन लिहून होईपर्यंत संवाद लिहायचे नाहीत असं ठरवलं. जिथे बोलणं येईल तिथे नुसतं लिहायचं, ‘दीर तिला घरी जायला सांगतो, ती ऐकत नाही.’ जवळजवळ अर्ध्या ठिकाणी नंतरही संवादाची गरज पडली नाही.

लिखाण पाठकोऱ्या कागदांवर केलं. पुढे डिझेलचे रद्द झालेले तक्ते, मागे सीन. रोज सकाळी ऑफिस उघडण्याआधी दोन तास. पानांचा हिशोब मात्र मला बराच काळ छळत राहिला. इंग्रजी पटकथा कूरिअर नावाच्या टंकात, १२ पॉइंटमध्ये टाइप करतात. टाइपरायटरसारखी त्यातल्या प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी. त्यामुळे एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट असं गणित बसतं. देवनागरीत, तेही हातानं लिहिलेल्या पानाला, हे कसं लावायचं? मी मोबाइलवर वेळ लावून प्रत्येक सीन मोठ्यानं वाचला आणि कृतींच्या जागी त्या कृती प्रत्यक्ष करून बघितल्या. चहा ओतायला किती वेळ, शर्टाच्या बाह्या दुमडायला किती. बोलण्याचे सीन माझ्या एका पानाला पन्नास सेकंद पडत होते. पण रापण ओढण्याचा सीन अर्ध्या पानाचा होता आणि पडद्यावर तो अर्ध्या मिनिटात संपून चालणार नव्हता.

तो सीन मी नऊ वेळा लिहिला. पहिल्यांदा असा होता :

‘रापण ओढली जाते. शेवंती खूप दमते, पण जिद्द सोडत नाही.’

यात दिसण्यासारखं काही नाही. दमणं कसं दिसतं? जिद्द कशी दिसते? तळाशिलची वही काढली. शेवटी असा झाला :

सीन ३४. बाहेर. किनारा. सकाळ.

शेवंती दोर धरते.

पुढचा माणूस मागे वळून बघतो. पुन्हा समोर बघतो.

दोर सरकतो. तिचा पाय वाळूत घोट्यापर्यंत जातो.

पुढच्या माणसानं ताण सोडलाय. सगळी ओढ तिच्या हातांवर येते.

ती काही बोलत नाही. दोर हाताला एक वेढा घेते.

समुद्रात जाळ्याचे तरंगते गोळे अजून लांब दिसतात.

दुमडलेली बाही सुटते. मनगटावर येते. तिला ती वर करता येत नाही, हात मोकळे नाहीत.

मागची म्हातारी टोपलीवरून उठते, येऊन तिची बाही दुमडून देते, परत जाऊन बसते.

पुढचा माणूस पुन्हा ताण धरतो.

ओळींमधली मोकळी जागा हाच वेळ. एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाताना वाचणाऱ्याचा डोळा थांबतो आणि तेवढा काळ दोर ओढला जातो. पान अर्ध्याचं एक झालं, वाचायला अडीच मिनिटं लागू लागली. म्हातारी बाही दुमडून देते ते मी ठरवून लिहिलं नाही. बाही सुटली, शेवंतीचे हात अडकलेले, आणि तिथे एकच मोकळी माणूस होती.

संवाद लिहिले ते जुलैत. मालवणीत लिहायचे याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मला एका गोष्टीचं फार वाईट वाटतं, ते इथे लिहितोच. मालवणी ऐकू आली की प्रेक्षक हसायच्या तयारीत बसतात. आमच्या भाषेनं रंगभूमीला भरपूर हसू दिलं याचा मला अभिमान आहे. पण याच भाषेत आमच्याकडे माणसं वारतात, भांडतात, जमिनी वाटतात, पोरीला सासरी धाडतात. शेवंतीच्या तोंडी एकही ओळ अशी नको होती की जिला कोणी सवयीनं हसेल. म्हणून म्हणी काढल्या, शिव्या काढल्या, ठसका काढला. राहिलं ते साधं, घरात बोलतो तसं.

रात्री जेवणं झाल्यावर मी आयेला सीन वाचून दाखवायचो. ती वाटेत कधी थांबवत नाही. संघाच्या बैठकीच्या सीनमध्ये मी शेवंतीला दीड पान बोलायला लावलं होतं, हक्काबद्दल, नवऱ्याच्या कष्टांबद्दल. मला तो सीन सगळ्यात जास्त आवडायचा. आयेनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “इतक्या पुरुषांत बायल माणूस इतक्या बोलता खंय? आणि दीर हयसरच बसलो हा ना? तो गप कित्याक?”

मी दिराला विसरलो होतो. तो खोलीत होता, पहिल्या ओळीत त्याचं नाव होतं, आणि दीड पान त्यानं काहीच केलं नव्हतं. नवा सीन त्याच्यावरून लिहिला. शेवंती एकच वाक्य बोलते, “घोवाचो वाटो माका होयो,” आणि थांबते. सगळे दिराकडे बघतात, कारण तो हो म्हणाला तर प्रश्नच मिटतो. दीर खाली चटईची काडी उपसत बसतो. काडी तुटते. तो दुसरी धरतो. अध्यक्ष म्हणतात, पुढचा विषय घ्या. दीड पानाचं पाऊण पान झालं. आयेला पुन्हा वाचून दाखवलं तेव्हा ती दिरावर एवढी चिडली, की उठून आत गेली.

२८ जुलैला खर्डा संपला. एकशे सोळा पानं. १ ऑगस्टला होड्या सुटल्या, ऑफिसात डिझेलच्या रांगा लागल्या, आणि पुढचा महिनाभर मी कागदांना हात लावला नाही. सरांनीच तसं सांगितलं होतं.

मधल्या काळात नोंदणीचं काम केलं. तीन वर्षांपूर्वी मी हीच गोष्ट चार पानांत लिहून मुंबईतल्या एकांना पाठवली होती, कुठलीही नोंद न ठेवता. उत्तर आलं नाही, पानंही परत आली नाहीत, आणि तो सल बरेच दिवस राहिला. सरांनी समजावून सांगितलं ते असं. नुसत्या कल्पनेवर कोणाचाही कॉपीराइट नसतो, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ च्या एका निकालात हे स्पष्ट केलंय. कल्पना ज्या रीतीनं मांडली, फुलवली, त्या मांडणीवर असतो. म्हणून चार ओळींची गोष्ट सांगत फिरण्यापेक्षा ती पूर्ण लिहून काढण्यातच लेखकाचं संरक्षण आहे. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेतलं की पटकथा ऑनलाइन नोंदवता येते. अमुक तारखेला हा मजकूर माझ्याकडे होता, याचा तो पुरावा. मालवणात बसून झालं, मुंबईला जावं लागलं नाही.

सप्टेंबरमध्ये सरांनी एका दिग्दर्शकाशी बोलणं करून दिलं. दिग्दर्शक म्हणाले, पानं नंतर वाचीन, आधी नॅरेशन द्या. म्हणजे समोर बसून अख्खा सिनेमा तोंडी सांगायचा. मला ते ठाऊक नव्हतं. लिहिणाऱ्यानं सांगायचं कशाला, असंही वाटलं. पण आबांकडे जाऊन बसलो आणि म्हटलं, ऐका, मी सांगतो, अडखळलो तिथे थांबवा.

त्यांनी सुरुवातीलाच थांबवलं. माझ्या पहिल्या आठ सीनमध्ये नवरा जिवंत होता. त्यांचा संसार, त्याचं हसणं, त्याचा आजार, हॉस्पिटल, मृत्यू. चौदा पानं. लोकांना त्याचा लळा लागावा म्हणून.

“आख्यान खंयसून सुरू जाता?” आबांनी विचारलं.

“शेवंती वाटा मागते तिथून.”

“मगे माका आदी रडूक कित्याक लावतंस? माणूस गेलो ता सांगत बसू नको. तेची जागा दाखय.”

मी वाद घातला. त्या चौदा पानांत माझी काही सर्वांत चांगली वाक्यं होती. घरी येऊन सुतळीवरच्या पहिल्या आठ पत्रिका काढल्या आणि नववीपासून वाचत गेलो. शर्ट होता. डबी होती. शेजारणीच्या हातातून शर्ट परत घेणं होतं. नवरा कसा होता ते सगळं कळत होतं, फक्त तो दिसत नव्हता. आठ पत्रिका रबर लावून खणात ठेवल्या. शर्टाचा सीन एकनं पुढे सरकवला आणि सगळ्याच्या आधी एक नवी पत्रिका लावली. दुसऱ्या खर्ड्याचं पहिलं पान आता असं आहे :

सीन १. बाहेर. किनारा. पहाट.

दोन रांगा दोर ओढतायत.

डावीकडच्या रांगेत दोन माणसांच्या मधे एका माणसाची जागा मोकळी.

त्या जागेपुढचा माणूस सवयीनं, मागे न बघता, दोर मागे देतो.

दोर वाळूत पडतो.